कीटकाचे डोके कसे वाचावे

गटे हा कवी आणि नाटककार म्हणून आपल्या अभ्यासक्रमांत येतो. हाडांचा अभ्यासक म्हणून तो क्वचितच भेटतो. पण १७८४ साली येना येथे त्याने मानवी कवटीत वरच्या जबड्याचे मधले हाड दाखवून दिले. माणसात ते हाड नसतेच, आणि म्हणून माणूस इतर प्राण्यांहून मुळातच वेगळा, असे तेव्हा अनेक जण मानत. पुढे १७९० मध्ये व्हेनिसजवळच्या लिडोवर एक फुटकी मेंढीची कवटी पाहताना त्याला सुचले की कवटी म्हणजे पाठीच्या कण्याचे काही मणके रूप पालटून, एकमेकांत मिसळून तयार झालेली वस्तू असावी. ओकेन या दुसऱ्या अभ्यासकाने १८०७ मध्ये हीच कल्पना स्वतंत्रपणे मांडली, आणि तिच्या श्रेयावरून पुढे बरीच कटुता झाली. टॉमस हक्सलीने १८५८ च्या व्याख्यानात ती कल्पना खोडून काढली. कण्याच्या प्राण्यांपुरते हे प्रकरण तिथे जवळपास मिटले.

परंतु त्या कल्पनेतला प्रश्न एका वेगळ्या प्राणिगटात अक्षरशः खरा ठरला. कीटकाचे डोके खरोखरच अनेक खंड एकत्र सांधून तयार झालेले आहे. खंड किती, कोणते, आणि प्रत्येक खंडावर एकेकाळी असलेल्या पायांचे पुढे काय झाले, यावर जवळजवळ दोनशे वर्षे वाद झाला. या वादाचा इतिहास आम्हाला साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवावासा वाटतो. वेगळ्या दिसणाऱ्या दोन गोष्टी मुळात एकच आहेत हे कशावरून ठरवायचे, आणि सारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टींचे नाते नाही हे कशावरून ओळखायचे, हा प्रश्न त्यात फार स्वच्छ रूपात येतो. पाठभेदांशी झटणाऱ्या कोणालाही तो परका वाटू नये.

साविन्यीचे फुलपाखरू

अठराव्या शतकात कीटकांची वर्गवारी लिनीयसने प्रामुख्याने पंखांवरून केली. त्याचा शिष्य फाब्रिसियस याने १७७५ मध्ये पंख सोडून मुखांगांकडे मोर्चा वळवला. कोण चावतो, कोण टोचतो, कोण शोषतो, यावरून त्याने गट पाडले. पद्धत उपयुक्त होती, पण तिचा रोख भेदावर होता. नाकतोड्याला जबडे आहेत, फुलपाखराला सोंड आहे, डासाला सुया आहेत. म्हणजे तीन तऱ्हेची तोंडे, असा तो हिशेब.

मारी ज्यूल सेझार साविन्यी हा फ्रेंच निसर्गअभ्यासक १७९८ मध्ये नेपोलियनच्या मोहिमेबरोबर इजिप्तला गेला होता. परतल्यावर त्याने हजारो लहान प्राण्यांची मुखांगे सुईच्या टोकाने सोडवून भिंगाखाली मांडली आणि १८१६ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. चावणाऱ्या कीटकाच्या तोंडात वर एक ओठ, त्यामागे जंभांची जोडी, त्यामागे जंभिकांची जोडी आणि सर्वांत मागे खालचा ओठ असतो. साविन्यीने दाखवले की फुलपाखराच्या तोंडातही हेच सारे भाग याच क्रमाने आहेत. ज्याला आपण सोंड म्हणतो ती म्हणजे जंभिकांचेच लांबलेले आणि एकमेकांना चिकटलेले दोन भाग. जंभ नाहीसे झालेले नाहीत. खुरटून बाजूला पडले आहेत. ढेकणाच्या व डासाच्या सुया म्हणजे तेच जंभ आणि त्याच जंभिका. त्या ज्या म्यानात बसतात ते म्यान म्हणजे खालचा ओठ. मधमाशीने जंभ जसेच्या तसे ठेवले, मेणकामासाठी. आणि मागच्या दोन अवयवांची जीभ केली.

इथे ओळख पटवण्याचा निकष बदलला. अवयव काय काम करतो किंवा कसा दिसतो, यापेक्षा तो कोणत्या जागी आहे आणि त्याच्या मागेपुढे कोण आहे, याला महत्त्व आले. वाक्यातल्या शब्दाचे रूप पार बदलले तरी स्थानावरून आपण तो शब्द ओळखतो, तसेच हे. साविन्यीने उत्क्रांतीची भाषा वापरली नाही. डार्विनचा ग्रंथ यायला अजून चार दशके अवकाश होता. पण पुढे ज्याला समजात अवयव म्हटले गेले त्या कल्पनेचे इतके निर्विवाद उदाहरण त्याआधी क्वचितच कोणी दिले असेल. इजिप्तमधला त्याचा सहकारी जोफ्रुआ सेंतीलेर याने हीच दृष्टी साऱ्या प्राणिसृष्टीवर ताणली, आणि १८३० मध्ये पॅरिसच्या अकादमीत क्युव्हियेशी त्याचा तो प्रसिद्ध वाद झाला. त्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये क्रांती झाली होती, पण म्हाताऱ्या गटेला तिच्यापेक्षा या वादाचेच अधिक अप्रूप होते, हे एकरमानच्या संवादांच्या वाचकांना आठवत असेल.

साविन्यीचा शेवट करुण आहे. भिंगाखाली वर्षानुवर्षे घालवलेल्या त्याच्या डोळ्यांनी १८१७ पासून दगा द्यायला सुरुवात केली, आणि १८२४ नंतर तो काम करूच शकला नाही. मिटल्या डोळ्यांपुढे त्याला असह्य तेजस्वी आकृती दिसत. उरलेली वर्षे त्याने अंधारात काढली. इजिप्तच्या प्राण्यांची त्याने काढवून घेतलेली चित्रे तयार होती. त्यांचे स्पष्टीकरण मात्र दुसऱ्याला लिहावे लागले. १८५१ मध्ये तो वारला.

गळालेली ओळ

तोंडाचा प्रश्न असा सुटला तरी डोक्याचा सुटला नाही. जंभ, जंभिका आणि खालचा ओठ हे तीन जोड अवयव म्हणजे तीन खंड, हे कळले. खालचा ओठ हीसुद्धा मुळात एक जोडीच आहे, मध्यरेषेवर सांधलेली. पण त्यांच्या पुढे काय? शृंगिका, म्हणजे ज्यांना आपण झुरळाच्या मिशा म्हणतो, त्या एका खंडाच्या का? डोळे कोणत्या खंडाचे? वरचा ओठ हा स्वतंत्र अवयव की नुसती घडी? या प्रश्नांना इतकी उत्तरे दिली गेली की १९७५ मध्ये रेम्पेल या अभ्यासकाने आपल्या आढाव्याच्या शीर्षकातच त्याला न संपणारा वाद म्हटले. अमेरिकेतल्या रॉबर्ट स्नॉडग्रासने १९३५ मध्ये कीटकरचनेवरचा आपला मोठा ग्रंथ लिहिला. कीटकशास्त्राचे विद्यार्थी तो आजही उघडतात. पण त्यालाही १९६० मध्ये, वयाच्या पंच्याऐंशीच्या घरात, कीटकाच्या डोक्याविषयीची तथ्ये कोणती आणि सिद्धांत कोणते, हे वेगळे करून दाखवणारा स्वतंत्र निबंध लिहावासा वाटला.

आज बहुतेक अभ्यासक सहा खंड मानतात. सर्वांत पुढे डोळ्यांचा, मग शृंगिकांचा, मग एक असा खंड ज्यावर काहीच नाही, आणि त्यामागे मुखांगांचे तीन. वरच्या ओठाविषयीचे मतभेद अजून पूर्ण शमलेले नाहीत. ज्यावर काहीच नाही तो खंड या साऱ्या इतिहासात आम्हाला सर्वांत बोलका वाटतो. प्रौढ कीटकात तो दिसतच नाही. मेंदूचा एक लहान भाग आणि गर्भावस्थेत क्षणभर उमटणाऱ्या खुणा एवढाच त्याचा पुरावा. पण शेजारच्या कवचधारी प्राण्यांत, म्हणजे कोळंबी-खेकड्यांच्या गटात, नेमक्या याच जागी शृंगिकांची दुसरी जोडी असते. कोळंबीला मिशांच्या दोन जोड्या, झुरळाला एकच. पोथीतली एक ओळ गळावी, पण तिच्यासाठी सोडलेली जागा तशीच राहावी, असा हा प्रकार आहे.

विसाव्या शतकाच्या अखेरीस या मोजणीला नवा पुरावा मिळाला. शरीराचे खंड आखून देणारी जनुके गर्भात कुठे जागी होतात हे रंगवून पाहता येऊ लागले. ज्या खंडावर काहीच नाही त्याच्याही जागी योग्य ती जनुके जागी होताना दिसली. १९९८ मध्ये याच पद्धतीने कोळ्याच्या तोंडाशी असलेल्या नख्या कीटकाच्या शृंगिकांच्या खंडाशी जुळतात हे दाखवले गेले. कोळ्यात तो खंड हरवला आहे, असे तोवर पुष्कळ जण शिकवत असत.

साम्य आणि नाते

मात्र समजात भाग ओळखणे आणि नाते ठरवणे या दोन गोष्टी एक नाहीत. सर्व कीटकांना सहा खंडांचे डोके आहे, म्हणून त्यांतले कोणते दोन एकमेकांना जवळचे, हे त्यावरून कळत नाही. हा भेद ठामपणे मांडला तो व्हिली हेनिग या जर्मन अभ्यासकाने. हेनिग माशांचा, म्हणजे द्विपंखी कीटकांचा, तज्ज्ञ होता. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ब्रिटिशांच्या ताब्यात इटलीत युद्धकैदी असताना त्याने आपल्या सिद्धांताचा मसुदा लिहिला. तो १९५० मध्ये बर्लिनला छापला गेला, आणि १९६६ मध्ये इंग्रजीत आल्यावर जगभर पसरला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: पूर्वजांकडून जसेच्या तसे चालत आलेले साम्य नात्याचा पुरावा होत नाही. जे वैशिष्ट्य नव्याने निर्माण झाले आणि ठराविक गटांतच एकत्र आढळते, तेवढेच त्या गटांच्या समान उगमाची साक्ष देते.

साहित्याच्या अभ्यासकाला यात काही ओळखीचे वाटले तर ते योग्यच आहे. कार्ल लाखमान यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाठचिकित्सेचा हाच कणा आहे. (योगायोग असा की लाखमानही साविन्यीप्रमाणे १८५१ मध्येच वारला.) दोन हस्तलिखितांत शुद्ध पाठ सारखा असेल तर त्यावरून काही सिद्ध होत नाही; तो दोघांनाही मुळातून आला असणार. पण एकच चमत्कारिक चूक दोघांत असेल, तर ती करणारी एखादी मधली प्रत दोघांच्या मागे उभी आहे. प्लॅटनिक आणि कॅमेरॉन या दोघांनी १९७७ मध्ये हस्तलिखिते, भाषा आणि प्राणी या तिन्ही क्षेत्रांतल्या वंशावळी एकाच तर्काने बांधल्या जातात हे एका लेखात तपशीलवार दाखवले.

आणि या तर्काची मर्यादाही आपल्याकडे फार आधी ओळखली गेली होती. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम करताना विष्णु सीताराम सुकथनकरांनी १९३३ च्या आपल्या प्रस्तावनेत म्हटले की या ग्रंथाच्या प्रती एकमेकींत इतक्या मिसळल्या आहेत की युरोपीय पद्धत जशीच्या तशी लावता येणार नाही. एका शाखेतला पाठ दुसरीत शिरतो, आणि मग सामायिक वैशिष्ट्य समान उगम सांगत नाही. ते नुसता संपर्क सांगते. कीटकांच्या बाबतीत प्रतींची अशी सरमिसळ होत नाही, पण तिच्यासारखाच फसवणारा दुसरा प्रकार आहे. सारख्या गरजेतून दोन वंशांत सारखे अवयव स्वतंत्रपणे घडतात. दोन लेखनिकांनी एकमेकांची प्रत न पाहता एकच चूक करावी, तसे.

एक बिजागरी की दोन

हे सारे प्रत्यक्षात कसे घडते ते एका सांध्याच्या कथेतून पाहू. जुन्या पुस्तकांतून सुळकन पळणारी चंदेरी कसर ग्रंथप्रेमींच्या परिचयाची, आणि शत्रूही. तिला पंख नाहीत, आणि तिच्या पूर्वजांनाही ते कधी नव्हते. तिच्यासारखाच दिसणारा, पाठ वाकवून उडी मारणारा, खडकांवर व पालापाचोळ्यात राहणारा दुसरा पंखहीन कीटक आहे. इंग्रजीत त्याला ब्रिसलटेल म्हणतात. हे दोघे पूर्वी एकाच गटात घातले जात. परंतु ब्रिसलटेलचा जंभ डोक्याला एकाच सांध्याने जोडलेला असून तो पायासारखा गोल फिरतो, असे पाठ्यपुस्तके सांगत. कसरीच्या जंभाला मात्र दोन सांधे आहेत. दोन बिजागऱ्यांवरचे दार जसे एकाच अक्षाभोवती उघडझाप करते, तसा तो जंभ फक्त उघडतो आणि मिटतो. स्नायूंचे सारे बळ चावण्यात जाते. चतुर, नाकतोडा, झुरळ, भुंगेरा यांचीही हीच रचना. म्हणजे कसर ही दिसायला ब्रिसलटेलची बहीण असली तरी नात्याने पंखवाल्यांना जवळची. कसर आणि पंखवाले मिळून एक गट मानला गेला, आणि दोन सांधे असलेले असेच त्याला नाव मिळाले.

पंखवाल्यांत पुन्हा वाद. चतुर आणि मेफ्लाय, म्हणजे प्रौढपणी अगदी अल्प काळ जगणारा तो नाजूक कीटक, हे दोघे पंख पाठीवर मागे दुमडू शकत नाहीत. बाकी सारे त्या क्षमतेचे वारसदार. मग चतुर आणि मेफ्लाय एकत्र, की त्यांतला एक इतरांना जवळचा? मेफ्लायच्या जंभाचा पुढचा सांधा काहीसा सैल, खाचेत सरकणारा असतो; चतुराचा मात्र इतरांसारखा घट्ट, खोबणीत गोळा बसवल्यासारखा. या एका फरकावरून अनेकांनी मेफ्लायला आधी वेगळे काढले आणि चतुराला बाकीच्यांशी जोडले.

२०१२ मध्ये ब्लांके आणि सहकाऱ्यांनी डोक्याच्या रचनेची एकत्र फेरतपासणी करून चतुर व मेफ्लाय यांचीच जोडी खरी असल्याचे मांडले. लगेच पुढच्या वर्षी त्यांनी आणखी महत्त्वाचा मुद्दा पुढे आणला. जंभाचे सांधे आणि डोक्याच्या आतला आधाराचा सांगाडा ही स्वतंत्र वैशिष्ट्ये नाहीत. चावण्याची पद्धत बदलली की ती सारी एकत्रच बदलतात. मग त्यांना दहा वेगळे साक्षीदार म्हणून मोजणे चूक. ते एकच साक्ष दहा तोंडांनी देत आहेत. अशा जोडीने बदलणाऱ्या खुणा बाजूला काढल्यावरही चतुर व मेफ्लाय एकत्रच राहिले. आणि २०१५ मध्ये त्यांतल्याच काहींनी मूळ सांध्याकडे मोर्चा वळवला. ब्रिसलटेलच्या जंभालाही दुसरा सांधा आहे, तो आजवर नीट ओळखला गेला नव्हता, असे त्यांनी दाखवले. त्यांचे म्हणणे मान्य केले तर दोन सांधे असलेले हे नाव ज्या गटाला दिले, त्याची ती खास खूण उरत नाही. ती आणखी मागे, त्याहून मोठ्या गटाच्या उगमापर्यंत जाते. कसर आणि पंखवाले यांचे नाते इतर पुराव्यांवर टिकून आहे. पण ज्या खुणेवरून ते ओळखले गेले होते, तीच निसटली.

मँटनबाईंचा जबडा

याच जंभाने त्याआधी एका थोर अभ्यासिकेला दूर नेले होते. ब्रिटनमधल्या सिडनी मँटन यांनी १९६४ मध्ये संधिपादांच्या जबड्यांच्या यंत्रणेवर दीर्घ निबंध लिहिला. कोळंबी आपल्या अवयवाच्या बुडख्याने चावते, कीटक मात्र त्याच्या टोकाने, म्हणजे अख्ख्या पायाने, असे त्यांनी प्रतिपादले. म्हणून ही दोन्ही कुळे वेगवेगळ्या पूर्वजांपासून आली असली पाहिजेत, असा निष्कर्ष. हे मत दीर्घकाळ वजनदार राहिले. १९९८ मध्ये अवयवाचे टोक घडवणारे जनुक कीटकाच्या जंभात जागे होत नाही असे दोन स्वतंत्र गटांनी दाखवले: कीटकाचा जंभही बुडखाच आहे. आज तर कीटक हे कवचधारी प्राण्यांच्याच वंशाची एक फांदी मानले जातात. २०१० मध्ये रेजियर आणि सहकाऱ्यांनी ६२ जनुकांची तुलना करून हे ठळकपणे मांडले.

परंतु यावरून शरीररचनेची हार आणि जनुकांची जीत, असा निकाल लावणे घाईचे होईल. १९७९ मध्ये बहामा बेटांच्या पाणभरल्या गुहांत रेमिपीड नावाचे आंधळे कवचधारी प्राणी सापडले. सुरुवातीला त्यांच्या साध्या, एकसारख्या खंडांवरून ते फार आदिम समजले गेले. २००४ मध्ये त्यांच्या डोक्याचे पातळ छेद घेऊन मेंदू पाहिला गेला, तेव्हा तो अनपेक्षितपणे गुंतागुंतीचा, आणि कीटकांच्या व उच्च कवचधारींच्या मेंदूशी जुळणारा निघाला. त्यानंतरच्या मोठ्या जनुकीय अभ्यासांतही रेमिपीड कीटकांचे सर्वांत जवळचे नातलग म्हणून वारंवार पुढे आले. इथे डोक्याच्या आतल्या वाचनाने वाट आधी दाखवली होती. उलट २०१४ मध्ये शंभराहून अधिक अभ्यासकांनी १,४७८ जनुके वापरून कीटकांची वंशावळ मांडली, तरी चतुर आणि मेफ्लायचा प्रश्न निर्विवाद सुटला नाही. आणि जीवाश्मांत जनुके उरत नाहीत. तिथे सांधा, खाच, काटा एवढेच वाचायला मिळते.

येना शहरात हेकेलने स्थापन केलेले वंशविकासाचे संग्रहालय आहे. रोल्फ बॉइटेल आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तिथे गेल्या काही दशकांत कीटकगटांची डोकी एकामागून एक उलगडली. आता सुईच्या जोडीला सूक्ष्म क्ष-किरणचित्रण आले आहे. डोके न फोडता त्यातला प्रत्येक स्नायू वेगळा करून दाखवता येतो. गटेने कवटीतले हाड दाखवले ते याच गावी.

या इतिहासातून आम्ही घ्यावी अशी गोष्ट पद्धतीची आहे. मँटनबाईंचा निष्कर्ष गेला, पण जबडे कसे हलतात याची त्यांनी केलेली वर्णने राहिली, कारण त्यांनी पाहिलेले आणि त्यावरून अनुमानलेले यांतली रेषा वाचकाला सापडते. साविन्यीची चित्रे आणि स्नॉडग्रासच्या रेखाकृती आजही उपयोगी पडतात त्या याच कारणाने. सुकथनकरांच्या आवृत्तीत पानाच्या तळाशी वगळलेले पाठही दिलेले आहेत; संपादकाचा निर्णय ज्याला पटणार नाही त्याला दुसरा निर्णय करण्याची सामग्री तिथेच मिळते. आपल्या विद्यापीठांतल्या प्रबंधांत मात्र अनुमानेच अनुमाने असतात आणि तळटीपेत दुसऱ्यांची अनुमाने. पाठ समोर ठेवून, त्यातला प्रत्येक शब्द कोणत्या जागी आहे आणि मागेपुढे काय आहे, हे आधी निमूटपणे नोंदवण्याचे काम कमी प्रतिष्ठेचे मानले जाते. ब्रिसलटेलचा दुसरा सांधा कित्येक दशके सर्वांच्या भिंगाखाली होता. तो पुन्हा पाहण्याची तयारी कोणीतरी ठेवली म्हणूनच तो सापडला.